नमुन्यातल्या अकरा

"आक्का, हळू की गं! बोट हाय माजं, पपई न्हाय."

एवढं म्हणून भूषण हसला होता आणि हसताना त्याच्या भुवयांवर बसलेली रुई थरथरली होती. आवाज तेवढाच उरलाय. टॉवेलच्या कारखान्यातून आल्यावर त्याचा घसा धुळीनं भरलेला असायचा, त्यामुळं जरा खरखरीत, आणि शेवटाला वर उचललेला, जणू पुढं अजून एक ओळ म्हणायची राहिलीय. तो आवाज संघप्रियाला कुठंही गाठतो. सात रस्त्यावर रिक्षा थांबली की, मेथी निवडताना, विहाराबाहेर चप्पल शोधताना. आज त्यानं तिला वर्गात गाठलं. दुपारचे साडेचार वाजले होते, मार्च संपत आलेला, लॅबचा एसी नुसताच घरघरत होता, खिडक्यांवरच्या हिरव्या कापडातून ऊन गाळून आत येत होतं आणि तीस पडद्यांवर तीस वेळा तेच चित्र उघडलेलं होतं. शेवटचं प्रात्यक्षिक. चित्रातल्या पांढऱ्या पेशी प्रोग्रामनं मोजायच्या. उत्तर अकरा. दर वर्षी अकराच येतं. ज्याचं बारा येतं त्याची एक पेशी कड फुटून दोन झालेली असते, ज्याचं दहा येतं त्याच्या दोन पेशी एकमेकींना चिकटलेल्या असतात, आणि मग ती त्या मुलाच्या खुर्चीमागं उभी राहून कुठला आकडा किती कमी करायचा ते न बघताच सांगते. आज सगळ्यांचं बरोबर आलं होतं. वही मिटता मिटता तिसऱ्या रांगेतली दानम्मा उभी राहिली.

"मॅडम, माझं पण अकराच आलं. पण मॅडम, अकरा कसं?"

"कसं म्हणजे? प्रोग्राम बरोबर आहे तुझा."

"प्रोग्राम बरोबर आहे मॅडम. माणूस बरोबर नाही."

वर्ग हसला. दानम्मा अक्कलकोटच्या पलीकडच्या गावातली, घरी कानडी, इथं मराठी, आणि मराठी बोलतानाही प्रत्येक शब्दाच्या शेवटी थोडी थांबणारी. सकाळी सातपासून एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते आणि दुपारी डबा खाऊन हा पदविकेचा वर्ग करते. ती हसली नाही. "आमच्या लॅबमध्ये एका फील्डात, म्हणजे भिंगाखालच्या एका गोलात, पांढरी पेशी एक दिसते, लई तर दोन. एवढ्या दिसल्या की आम्ही रिपोर्ट टायपिंगला टाकतच नाही मॅडम. आधी डॉक्टरांना फोन लावतो. मी काल घरी हे चित्र रंगीत उघडून मोठं करून बघितलं. लहान, मोठ्या, कच्च्या, सगळ्या वयाच्या पेशी आहेत यात. ह्या पेशंटला कुणी सांगितलं का?"

"नंबर दे की दानम्मा, मीच लावतो फोन," मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, आणि हसू पुन्हा एकदा वर्गभर फिरून आलं.

"नेटवरचं चित्र आहे ते," संघप्रिया म्हणाली. "नमुना आहे." तिचा आवाज अगदी रोजच्यासारखा होता, याचंच तिला नंतर जास्त भय वाटलं.

पहिल्या तासाला ती दर वर्षी एकच गोष्ट सांगते. म्हणते, आपण वर्षभर एकच चित्र वापरणार. आज फुलाचं, उद्या गाडीचं, परवा मांजराचं असं करणार नाही. चित्र बदललं की शिकणाऱ्याचं लक्ष चित्राकडं जातं, रीत मागं राहते. चित्र तेच ठेवलं की आठ दिवसांत ते दिसायचं बंद होतं, आणि ते दिसायचं बंद झालं की त्याला आपण काय केलं तेवढंच दिसतं. काल उजेड वाढवला, आज कडा काढल्या, उद्या मोजू. हे ती इतकं चांगलं सांगते की विभागप्रमुख सोमशेखर सरांनी शिक्षकांच्या एका कार्यशाळेत तिला त्यावरच बोलायला लावलं होतं, आणि प्रात्यक्षिकाच्या छापील पुस्तिकेत पान सहापासून पान अठ्ठेचाळीसपर्यंत तेच चित्र आहे, कधी काळं, कधी उलटं, कधी नुसत्या रेघांचं. "तुमचं चित्र म्हणजे आपल्या विभागाचा देव आहे मॅडम," सर म्हणतात, "फक्त नारळ फोडायचा राहिलाय." त्यावर तीही हसते. आणि पहिल्याच प्रात्यक्षिकात, चित्र उघडल्यानंतरच्या दुसऱ्याच ओळीत, ती सगळ्यांना चित्राचा रंग काढून टाकायला लावते. रंगाची आपल्याला गरज नाही, म्हणते, आपल्याला नुसता उजेड-अंधार पुरतो. मग गुलाबी-जांभळं ते रक्त राखाडी होतं, आणि राखाडी झालं की ते कुणाचंच राहत नाही. इतक्या वर्षांत दोनशेच्या वर मुलं तिच्या हाताखालून गेली. सगळ्यांनी त्या अकरा मोजल्या. कुणी त्यांना लाल चौकटी केल्या, कुणी हिरव्या. एका पोरानं तर हौसेनं प्रत्येकीला नाव दिलं होतं. कुणीही विचारलं नव्हतं, की हे कुणाचं.

आणि तिनं ते तसंच ठेवलं होतं, हे तिला जिन्यावरून उतरताना प्रथमच इतकं स्वच्छ कळलं. जागा शोधून ठेवावी तसं. पेटीत ठेवलं असतं तर कधीतरी पेटी उघडली असती. भिंतीवर लावलं असतं तर आल्यागेल्यानं विचारलं असतं. पण रोज तीस जणांसमोर, उजेडात, मोठ्या पडद्यावर जे ठेवलं त्याच्याकडं कोण बघणार?

खाली वाहनतळाजवळ लिंबाच्या सावलीला दानम्मा उभी होती. हातात डबा, ओढणी डोक्यावरून घेतलेली.

"राग आला का मॅडम?"

"नाही गं. राग कशाचा?"

"आमचे डॉक्टर म्हणतात, स्लाइड बघताना माणूस बघायचा नाही, पेशी बघायची. मला ते जमतच नाही." मग खालच्या आवाजात म्हणाली, "घरचं कुणी होतं का, मॅडम?"

"मला सोमशेखर सरांनी बोलावलंय," संघप्रिया म्हणाली आणि फाटकातून बाहेर पडली. सर वरच्या मजल्यावर होते. दानम्माला ते दिसत होतं. तिनं हाक मारली नाही.

रिक्षात तिच्या शेजारी एक बाई मांडीवर कडक भाकरींचा गठ्ठा घेऊन बसली होती आणि रिक्षावाल्याशी तेलुगूत काहीतरी भांडत होती. भांडणातलं काही कळेना असं असलं की संघप्रियाला बरं वाटतं. शब्द नुसते पावसासारखे पत्र्यावर पडत राहतात. ऊन डांबरातून वर येत होतं. भूषणचं बोट टोचलं तो रविवार मात्र असा नव्हता. सप्टेंबरमधले वर्षावासाचे दिवस होते, आभाळ भरलेलं, विहारातलं वाचन आटोपून आई पांढऱ्या साडीत घरी आलेली, आणि उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडत होती. एमएस्सीचं शेवटचं वर्ष. रक्तातल्या पेशी आपोआप मोजणारा प्रोग्राम हा संघप्रियाचा प्रकल्प होता, आणि त्याला लागणारे फोटो तिला स्वतःच काढायचे होते. ती संगणकाची विद्यार्थिनी. रक्तातलं तिला पुस्तकातलं पान दोन पानं माहीत. काचपट्ट्या, सुया, कापूस घेऊन ती गल्लीभर हिंडली होती. वीस बोटं टोचायची होती. मैत्रिणी, शेजारणी, विहारातल्या दोघी, आई, आणि विसावा भूषण. तो सकाळपाळी करून आला होता. कारखान्यात तो चेकिंगला होता. टॉवेल काचेच्या टेबलावर पसरायचा, खालून दिवा, आणि सुटलेला धागा, तेलाचा डाग, विरलेली कड बोटानं दाखवून बाजूला काढायचा. "दिवसाला हजार टॉवेल बगतो म्या," तो म्हणायचा, "पर एक तार सुटत न्हाय माज्या नजरंतनं. तुजं ते मशीन काय बगंल?" तिनं बोट टोचलं. तो पपईचं बोलला. आई निवडता निवडता म्हणाली, "मुडद्या, चार येळा माकडावानी पडलास झाडावरनं तवा न्हाय रडलास," आणि तिघंही हसली. काचेवर रक्ताचा थेंब दुसऱ्या काचेनं पुढं ओढला की मेंढीच्या जिभेसारखा लांबट ठसा उठतो. तो वाळत असताना भूषण त्याच्याकडं बघत राहिला होता. "एवडंच असतंय व्हय आत?" म्हणाला.

ओळखीच्या एका लॅबमधल्या माणसानं वीसही काचांना एका दुपारी रंग देऊन दिला. बघण्याचं काम त्याचं नव्हतं, त्यानं बघितलं नाही. कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा लावून संघप्रियानं फोटो काढले. आणि तिथंच ते झालं. बाकीच्या एकोणीस जणांच्या फोटोत पांढरी पेशी शोधावी लागायची. काच इकडं सरकव, तिकडं सरकव, तेव्हा कुठं एखादी सापडायची, तीही कडेला. प्रोग्रामला शिकवायला एका पेशीवर काय होणार? तिचे मार्गदर्शक म्हणायचे, जिथं वस्तू भरपूर आणि सुट्या सुट्या दिसतात असा फोटो घ्या, नमुना म्हणून तोच चांगला. भूषणच्या काचेवर तिनं डोळा ठेवला आणि तिला हर्ष झाला. अकरा. एकाच ठिकाणी अकरा, जांभळ्या, ठसठशीत, भरल्या बाजारासारख्या. घरी येऊन तिनं त्याला लॅपटॉपवर दाखवला. "बघ, सगळ्या गल्लीत तुझंच रक्त देखणं आहे!" तो कॉलर ताठ करून आईला म्हणाला, "बग आये, फोटोजनिक हाय म्या आतनं बी." प्रकल्पाच्या मुखपृष्ठावर तो फोटो गेला. परीक्षकांनीही वाखाणला. त्या सगळ्यांत रक्ताचं कळणारं कुणीच नव्हतं. सगळे चित्राचे होते.

त्यानंतर हिवाळा आला. भूषण अर्ध्या भाकरीवर उठायला लागला. पोट फुगल्यासारखं वाटतंय, म्हणायचा, डावीकडं जड लागतंय. विजार सैल झाली. झोपेत अंगरखा भिजायचा. आई म्हणाली गॅस आहे, कारखान्यातला चहा आणि वडे. तिनं हिंग पाण्यात कालवून गरम केलं आणि त्याच्या बेंबीभोवती लावलं. रोज संध्याकाळी लावायची. ताटाएवढा पोटाचा भाग पिवळसर व्हायचा. खोलीत, पांघरुणात, त्याच्या शर्टात, दाराच्या कडीला, सगळीकडं हिंगाचा वास. दोन महिने. लावताना ती त्याच्यावर जुळवलेली ओवी म्हणायची, तिची स्वतःची, तो कामाला लागला तेव्हा केलेली:

कारखान्याच्या वाटंला, पांढरी धूळ उडं
माझ्या भूषणाचं बाई, हसू त्याच्याबी पुढं

संघप्रिया तेव्हा नोकरीसाठी अर्ज करत हिंडत होती. तिनंही दवाखान्याचं दोनदा म्हटलं, आणि दोनदा ते राहिलं. मार्चच्या अखेरीस तो कारखान्यातल्या टेबलावरच घेरी येऊन पडला. सिव्हिलला नेलं, तिथून मोठ्या दवाखान्यात. डॉक्टर तरुण होते, थकलेले, भिंतीला टेकून बोलले. पोटात डावीकडं प्लीहा, म्हणजे पाणथरी, वाढलीय, रक्तात पांढऱ्या पेशी फार झाल्यात, हा रक्ताचा कॅन्सर आहे. हळू चालणारा असतो तेव्हा रोजच्या गोळीवर माणूस वर्षानुवर्षं राहतो. आता त्यानं रूप बदललंय. सहा-सात महिन्यांपूर्वी आला असता तर. तर, म्हणून ते थांबले, आणि दुसऱ्या कुणीतरी बोलावलं म्हणून गेले.

त्या बोळात दोघी मागं मोजत गेल्या. संघप्रियाला आजही ती फरशी दिसते, फिनेलचा ओला पट्टा, त्यावर उमटलेली एक अनवाणी टाच. आई मोजत मोजत हिंगाशी येऊन थांबली. तिला महिने येत नव्हते. डॉक्टरांनी म्हटलेलं सहा आणि सात तिच्या कानाला नुसतं 'आधी' असं लागलं, आणि आधी तिच्या हातात हिंगाची वाटी होती. तिनं भिंतीला डोकं टेकलं. "म्या मारलं," म्हणाली. "म्या माजं लेकरू हिंग लावून मारलं." संघप्रियाही मोजत गेली. मार्च, फेब्रुवारी, जानेवारी. ती हिंगाच्या पलीकडं गेली. डिसेंबर, नोव्हेंबर, आणि अजून मागं, त्या भरल्या आभाळाच्या रविवारापर्यंत. तिला पांढऱ्या पेशी हा शब्द ऐकू आला होता. फार झाल्यात, हेही. तिच्या डोळ्यांसमोर त्या अकरा एकेक करून उमटल्या, रंगासकट. तिनं तोंड उघडलं होतं. आई पुन्हा म्हणाली, "म्या मारलं." आणि संघप्रियानं तोंड मिटलं. त्या क्षणी छातीत काहीतरी सैल होऊन खाली उतरलं. त्याला तिनं आजवर नाव दिलेलं नाही.

जुलैत तो गेला. शेवटी शेवटी त्याचं बोट टोचायला आलेल्या नर्सला तो काहीच बोलायचा नाही.

त्याच वर्षी तिला कॉलेजात तासिका मिळाल्या. पहिल्याच प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी तिनं प्रकल्पाची फाइल उघडली. दुसरं चित्र घ्यायचं ठरवलं होतं तिनं. एक फुलपाखराचं, एक सिद्धेश्वर तळ्याचं, अशी काढूनही ठेवली होती. पण हात आपोआप त्याच नावाकडं गेले. 'भूषण-तीन' असं त्या फोटोचं नाव होतं. तिनं ते पुसून 'नमुना' केलं. पुसायला दोन सेकंद लागले. का घेतलं, हे तिनं स्वतःला पुष्कळदा विचारलंय. रोज त्याच्याकडं जाऊन आल्यासारखं व्हायचं, हे एक. त्याचं उत्तर स्वच्छ यायचं, हे दुसरं. आणि तिसरं असं, की तेच चित्र इतक्या वेळा बघायचं, इतक्या वेळा मोजायचं, की एक दिवस ते तिलाही दिसायचं बंद होईल. ती मुलांना सांगत होती ते सगळं स्वतःवर करून बघत होती. आणि ते होत आलं होतं. गेल्या वर्षी तिनं एकदा पूर्ण तास घेतला आणि संध्याकाळी भांडी घासताना तिच्या लक्षात आलं, की आज आपल्याला भूषण आठवला नाही. त्याचं तिला समाधान वाटलं होतं. आज एका पोरीनं सरळ विचारलं, पेशंटला सांगितलं का, आणि ते राखाडी चित्र फाडकन पुन्हा जांभळं झालं. पेशंटला सांगायला आता कुणी उरलं नव्हतं. पण सांगायचं राहिलं होतं ते फक्त पेशंटलाच का?

बुधवार पेठेच्या कोपऱ्यावर ती उतरली. गल्लीत सगळीकडं संध्याकाळची भाकरी थापायचा आवाज सुरू झाला होता. त्यांच्या घराच्या पायरीवर शेजारची पिंकी बसली होती, मांडीवर चार वर्षांची पोरगी, पोरीच्या हाताला सिव्हिलची पट्टी. आत आई पलंगावर पाय लांब करून बसलेली. पाय सुजून घोट्याचं हाड दिसेनासं झालेलं.

"बघा की ताई," पिंकी म्हणाली, "सकाळी पोरीचं पोट दुखलं म्हणून मी नुसतं रडायला लागले, तर भीमामावशी चप्पल घालून दारात हजर. चार तास रांगेत उभ्या. मी म्हटलं बसा, तर म्हणतात मी बसले तर नंबर जाईल. काय निघालं? जंत!"

"जंत तर जंत," आई म्हणाली. "डाक्टरनं सांगितलं न्हवं? मग झालं. घरात बसून आपल्या मनानं कायबी लावू नगंस बाई लेकराला. म्या लावलं. म्या माजं लेकरू हिंग लावून मारलं, तुला म्हाईत हाय की."

"व्हय मावशी," पिंकी म्हणाली. ती पोरीचे केस सारखे करत होती. तिनं मान हलवली, पण ती ऐकत नव्हती. गल्लीत आता हे कुणीच ऐकत नाही. कुणाच्याही पोटात दुखलं की आई, गल्लीची भीमाबाई, दारात येते, त्याला सिव्हिलला नेते, रांगेत उभी राहते, आणि परत आल्यावर हेच, याच शब्दांत, याच क्रमानं सांगते. लग्नांना, बारशांना, विहाराच्या पायरीवर, नळावर. सुरुवातीला बायका रडायच्या, तिला जवळ घ्यायच्या. आता त्या मान हलवतात आणि आपलं काम करत राहतात. आईनंही एकच उदाहरण ठेवलं होतं. इतक्या वेळा दाखवून दाखवून ते दिसायचं बंद झालं होतं, सगळ्यांना, तिला सोडून. आठ वर्षं या घरात हिंगाचा खडा आलेला नाही. फोडणीत नाही, लोणच्यात नाही. वाण्यानं चुकून पुडी दिली होती एकदा, तर ती नाक धरून गल्लीच्या टोकाला टाकून आली होती आणि मग दोन दिवस जेवली नव्हती.

पिंकी पोरीला घेऊन उठली. संघप्रियानं कोमट पाण्याचं घमेलं आणून आईच्या पायांपाशी ठेवली, मीठ टाकलं, आईचे पाय उचलून आत ठेवले. पाय जड होते, थंड होते. कातडी ताणून चमकत होती, आणि बोट दाबलं की खळगा तसाच राहत होता.

"आये, सहासष्ट वर्षांचं वय तुझं. रांगेत मी गेले असते की."

"तुजा वर्ग असतोय." आईनं डोळे मिटले. "कसा झाला आज?"

"झाला."

"पोरं शिकत्यात का ध्यान देऊन?"

"एक शिकते."

आई ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होती. संघप्रियाला ते माहीत होतं. ती ओवी. आई पहिली ओळ म्हणते, कारखान्याच्या वाटंला पांढरी धूळ उडं, आणि थांबते. दुसऱ्या ओळीत हसू आहे म्हणून ती तिथं जात नाही. आठ वर्षांत एकदाही गेलेली नाही. खोलीत पाण्याचा तेवढा चुबुक आवाज. बाहेर कुणीतरी टीव्ही लावला. संघप्रियाला वाटलं, सांगून काय होणार? आईकडं दुसरं काय आहे? ही रांगेत उभी राहते ती त्या हिंगाच्या जोरावर. ते काढून घेतलं तर ही बसेल, आणि बसली की उठणार नाही. हे सगळं तिनं पूर्वीही स्वतःला सांगितलं होतं, दर वेळी पटलं होतं. दया म्हणून पटलं होतं. आता, आईचा सुजका पाय हातात धरून, तिला त्या दयेचा चेहरा दिसला आणि तो ओळखीचा निघाला.

"जंतच निघालं न्हवं पोरीला," आई डोळे मिटूनच म्हणाली. "बरं झालं. म्या जर तवा असंच उटून गेले असते. सरळ चप्पल घालून. म्या मारलं संगे, म्या..."

"आये, गप्प बस."

आईनं डोळे उघडले. संघप्रिया तिच्याशी असं कधी बोलत नसे.

"हिंगानं कायबी झालं न्हाय. डॉक्टर म्हणाले होते सहा-सात महिने. तू हिंग लावायला लागलीस त्याला तवा दोनच महिने झाले होते. तू लावायच्या आधीच उशीर होऊन गेला होता."

"तुला काय म्हाईत? तुला कुनी सांगितलं?"

"मला म्हाईत हाय. वर्षावासात मी त्याचं बोट टोचलं, तुझ्यासमोर, तू तांदूळ निवडत होतीस. तो फोटो मी तुम्हाला दाखवला होता. देखणं रक्त म्हणाले होते मी. आये, त्या फोटोत आजार होता. कुणा जाणत्याला दाखवला असता तर त्यानं त्याच दिवशी सांगितलं असतं. गोळीवर राहिला असता तो."

आई लेकीच्या तोंडाकडं बघत राहिली, जणू तिथं काही वाचता येतंय का ते पाहत होती. मग अगदी हळू म्हणाली, "तुला तरी कुटं कळत हुतं गं तवा. लेकरू हुतीस तू. तुजा काय दोष?"

ती हात पुढं करत होती, डोक्यावरून फिरवायला. संघप्रियानं तो हात मधेच धरला आणि खाली ठेवला. सुटायची वाट समोर उघडी होती, आईनंच उघडली होती, आणि तिथून गेलं तर कुणी काही म्हणणार नव्हतं.

"न्हाय आये. तवा कळत नव्हतं, ते मी सांगतच न्हाय तुला. दवाखान्यात डॉक्टर बोलले तवा मला कळलं. तिथंच, त्या बोळात, तुझ्या शेजारी उभी असताना. मी बोलणार होते. तेवढ्यात तू भिंतीला डोकं लावून म्हणालीस, म्या मारलं. आणि मला बरं वाटलं, आये. तू तुझं नाव घेतलंस, आणि मला सुटल्यासारखं झालं."